देवाची करणी, पाण्याखालची

'देवाची करणी आणि नारळात पाणी' असे आपण म्हणतो. पण नारळ निदान डोळ्यांपुढे तरी असतो. खाऱ्या पाण्याखालची करणी आपल्यासारख्या शेतकऱ्याला कोण दाखवणार? यंदा पौषात तारकर्लीला पुतणीकडे गेलो, तेव्हा तो योग आला. होडीने सिंधुदुर्ग किल्ल्याच्या अंगाला गेलो, काचेचा मुखवटा चढवला आणि पाण्यात उतरलो. दम लागला म्हणून खालच्या खडकावर पाय टेकणार, तोच होडीवाला ओरडला, "दगड नाय गुरुजी तो, जित्तो जीव आसा!"

तो होता प्रवाळ, म्हणजे पोवळ्याच्या जातीचा जीव. एकेक किडा मुगाएवढा, पण हजारोंनी मिळून चुन्याचे घर बांधतात. खरी गंमत पुढेच आहे. या किड्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारे शेवाळ राहते. उन्हावर ते साखर तयार करते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देते. किडा त्याला आसरा देतो, आणि त्याची घाण हेच शेवाळाचे खत. आपल्या गोठ्याचा आणि शेताचा व्यवहार याहून वेगळा काय आहे?

दुसरी जोडी उष्ण समुद्रातल्या कोळंबीची. ही कोळंबी जवळजवळ आंधळी. ती वाळूत बीळ खणते, आणि तिच्या बिळात राहणारा लहानसा मासा दाराशी राखण करतो. कोळंबीची मिशी माशाच्या अंगाला टेकलेली असते. माशाने शेपटी हलवली की दोघेही आत! काही मासे मोठ्या माशांच्या तोंडात शिरून किडे वेचतात. त्यांचे सोंग घेऊन लचका तोडणारा तोतयाही देवाने केला आहे. भोंदू काही आपल्यातच नाहीत.

यात परोपकार कुणीच करीत नाही. जो तो आपले पोट पाहतो. पण आपले भरताना दुसऱ्याचेही भरावे अशी सोय ज्याने लावली, त्याला मी तरी हात जोडतो.

ही सोय नाजूक आहे. पाणी फार तापले की किडा शेवाळाला बाहेर काढतो. मग प्रवाळ पांढरा पडतो आणि ताप टिकला तर मरतो. १९९८, २०१० आणि २०१६ साली जगभर असे झाले. मालवणचे प्रवाळही त्यातून सुटलेले नाहीत. इथला समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे आणि प्रवाळ तोडणे हा गुन्हा आहे. पण पाहुण्याचा पाय आणि होडीचा नांगर कायदा वाचत नाहीत. आमच्या होडीवाल्याने नांगर मुद्दाम लांब वाळूत टाकला होता.

घरी आल्यावर नातवाला कुळथाचे एक रोप उपटून दाखवले. मुळांवरच्या गाठी नखाने फोडल्या, आत गुलाबी निघाल्या. या गाठींत जिवाणू राहतात. ते हवेतला नत्र पिकाला देतात आणि पिकाकडून साखर घेतात. पेरताना दहा किलो बियाण्याला आपण २५० ग्रॅम जिवाणू खत चोळतो, ते हेच. पोराने गाठ बराच वेळ न्याहाळली आणि विचारले, "आजोबा, मग हे भाडेकरू की घरचेच?"

मला अजून उत्तर सुचलेले नाही.