फौंडेशन गेलंय!

गेल्या शनिवारी सांगलीहून साताऱ्याला येत होतो, सोबत आई. पेठ नाका येईपर्यंतच कळलं होतं की गाडीचं काही खरं नाही. पहिला गिअर टाकून क्लच सोडला की बॉनेटखालून 'ठक्'! एसी लावून थांबलो की स्टिअरिंग थरथरतंय. आई म्हणाली, "गाडीला हुडहुडी भरलीय का रे?"

पुण्यात एका सर्व्हिस सेंटरला (नाव कशाला घ्या!) आधी दाखवलं होतं. बॉनेट न उघडताच निकाल लागला: क्लच प्लेट गेली, पूर्ण सेट बदला. मी मान डोलावली होती. पगार व्हायचा होता म्हणून वाचलो.

साताऱ्यातले आमचे मिस्त्री मात्र बॉनेट उघडून बाजूला उभे राहिले. समोर कधीच उभं राहायचं नाही, गाडी उसळली तर संपलं. मला म्हणाले, "हँडब्रेक ओढा, ब्रेक दाबून धरा. पहिला टाकून क्लच नखभर सोडा. बास! आता रिव्हर्स." इंजिन थोडं कलायला हवं. माझं चक्क उडी मारत होतं.

"फौंडेशन गेलंय की सायेब!"

फौंडेशन म्हणजे इंजिन माउंटिंग. विहिरीवरचं डिझेल इंजिन काँक्रीटच्या चौथऱ्यावर आवळलेलं असायचं, बहुधा तिथलाच हा शब्द. कारमध्ये चौथरा नसतो, लोखंडात धरलेलं रबर असतं. अमेरिकेत क्रायस्लरने 1931 च्या प्लिमथमध्ये इंजिन रबरावर तोलून 'फ्लोटिंग पॉवर' नावाने त्याची केवढी जाहिरात केली होती! आज त्याच रबराकडे कुणी ढुंकून बघत नाही. छोट्या गाड्यांत बहुतेक वेळा एक माउंटिंग इंजिनाच्या बाजूला, एक गिअरबॉक्सच्या, आणि एक खाली, इंजिनाला झोके घेऊ न देणारं.

गिअरबॉक्सचं तपासायला गाडी खड्ड्यावर घेतली. मिस्त्रींनी पहारीने हलकंच उचलून बघितलं. रबर थोडं दबलं तर चालतं, लोखंडावर लोखंड आपटता कामा नये. ते ठीक होतं. खालचंही. इंजिनाकडचं मात्र लोखंडापासून सुटलेलं, आणि वर ऑइलने भिजून मऊ झालेलं. ऑइल येत होतं वरच्या कव्हरच्या गास्केटमधून.

आता सांगा, ऑफिसात ज्युनिअर म्हणाला, "सर्व्हर रीस्टार्ट केला, चालू झालं", तर आपण रूट कॉज मागतो ना? मग गाडीच्या एस्टिमेटवर मुकाट सही का करतो? 'काय गेलंय ते मला दाखवा' म्हणायला लाज कसली? मला वाटते, कारण बॉनेटखालचं आपल्याला कळत नाही हे कबूल करावं लागतं. इंजिनिअरिंगची डिग्री असून! असो.

एकच माउंटिंग बदललं. 'ठक्' गेलं, थरथरही. क्लच जुनाच आहे. गास्केट मात्र त्या दिवशी मिळाली नाही, म्हणजे नव्या रबरावरही ऑइल टपकणारच. पुढच्या शनिवारी परत सातारा.