अंदमान हे दक्षिण टूरचं शेपूट नव्हे

दिवाळीला दोन-तीन महिने उरले की टूर कंपन्यांच्या मोठमोठ्या जाहिराती झळकू लागतात. त्यात एक जोडी आता ओळखीची झाली आहे: दक्षिण भारत आणि अंदमान. म्हैसूर, उटी, मदुराई, रामेश्वरम, कन्याकुमारी असं करत चेन्नई गाठायचं आणि तिथून विमानाने तीन-चार रात्रींसाठी अंदमानला जायचं. देवळंही झाली, समुद्रही झाला आणि रजा एकदाच टाकावी लागली. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना एलटीसीत अंदमानच्या विमानप्रवासाची खास सवलत मिळते, त्यामुळे अनेक घरांत हा बेत आणखीच सोपा वाटतो.

दक्षिण आणि अंदमान एकत्र पाहण्याची कल्पना मुळात चांगली आहे. चेन्नई ते श्री विजयपुरम, म्हणजे कालपरवापर्यंतचं पोर्ट ब्लेअर, हे विमानाने दोन तासांपेक्षा थोडं जास्त अंतर. बोटीने मात्र जवळपास तीन दिवस लागतात. खटकते ती या सहलीची आखणी. तारखा चुकीच्या, दक्षिणेतली निवड अंदाधुंद आणि बेटावरच्या रात्री अपुऱ्या. या तिन्ही गोष्टी बदलता येण्यासारख्या आहेत आणि त्या बदलाव्यात असा आग्रह प्रवाशांनीच धरायला हवा.

आधी तारखांचं पाहू. महाराष्ट्रात दिवाळीला पाऊस संपलेला असतो, हवा स्वच्छ असते, म्हणून सगळीकडे तसंच असेल असं आपण धरून चालतो. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर नेमका तेव्हाच पावसाळा सुरू होतो. ईशान्य मोसमी वारे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात चेन्नई आणि कावेरीच्या त्रिभुज प्रदेशावर वर्षातला सर्वाधिक पाऊस पाडतात. अंदमानला तर दोन्ही मोसमांचा पाऊस मिळतो. मेच्या उत्तरार्धात सुरू झालेला पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळतो आणि बंगालच्या उपसागरातली वादळंही याच सुमारास जोर धरतात. म्हणजे दिवाळीची ही टूर समुद्राच्या दोन्ही काठांवर अवेळीच पोहोचते.

डिसेंबर 2016 मध्ये काय झालं ते आठवावं. अंदमानजवळ कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, समुद्र खवळला, फेऱ्या बंद पडल्या आणि हॅवलॉक व नील या बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले. त्यांना आणायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. तीच वादळी प्रणाली पुढे ‘वरदा’ चक्रीवादळ झाली आणि 12 डिसेंबरला चेन्नईवर आदळली. एकाच वादळाने आधी बेट गाठलं आणि मग किनारा. ‘दक्षिण अधिक अंदमान’ अशा टूरवर त्या आठवड्यात निघालेल्या माणसाला दोन्हीपैकी कुठेही आसरा नव्हता. नागपट्टिनम ते श्रीलंकेतलं कांकेसंतुरै ही प्रवासी बोटही ऑक्टोबर 2023 मध्ये मोठ्या थाटात सुरू झाली आणि आठवडाभरातच पावसाळी समुद्रामुळे थांबवावी लागली. हा समुद्र या महिन्यांत कुणाच्याच वेळापत्रकाला दाद देत नाही.

जमिनीवरही फार वेगळं नसतं. कुंभकोणमजवळच्या दारासुरमचं ऐरावतेश्वर मंदिर घ्या. दगडी चाकं आणि घोडे कोरलेला त्याचा रथासारखा मंडप पाहायला लोक दुरून येतात. हे आवार आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खोलगट आहे. चांगला पाऊस झाला की नंदीमंडपाच्या भोवती पाणी साचून राहतं आणि जोत्याच्या खालच्या पट्टीतलं कोरीव काम जवळून पाहता येत नाही. ज्या बारीक नक्षीसाठी तिथं जायचं, तीच पाण्याआड जाते.

मग जायचं कधी? जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत. तेव्हा तमिळनाडूतला पाऊस सरलेला असतो, ऊन सोसवेल असं असतं आणि अंदमानचा समुद्र शांत असतो. महाराष्ट्रातून अशा टूरवर जाणाऱ्यांत निवृत्तांची संख्या मोठी आहे. त्यांना शाळेची सुट्टी पाहायची नसते, तरीही ते दिवाळीतच निघतात, कारण टूर तेव्हाच्या असतात. शाळकरी मुलं असलेल्या कुटुंबांची अडचण खरी आहे. त्यांच्यासाठी परीक्षा संपल्यावरचा एप्रिल बरा. तंजावरची फरशी तेव्हा अनवाणी पायांना चटके देते, पण देऊळ पहाटे आणि सूर्य कलल्यावर पाहिलं तर निभावतं. तसंही तिथली बहुतेक मंदिरं दुपारी बंदच असतात. बेटावरचं पाणी एप्रिलमध्ये स्वच्छ असतं आणि मुलांना तेच हवं असतं.

आता दक्षिणेतली निवड. ‘संपूर्ण दक्षिण’ नावाच्या टूरमध्ये चार राज्यं दहा-बारा दिवसांत कोंबलेली असतात. रोज बॅगा भरायच्या, बसमध्ये सहा-सात तास बसायचं आणि मंदिराच्या दारात पोहोचेपर्यंत ते बंद व्हायची वेळ झालेली. या धावपळीला अंदमान जोडलं की माणूस बेटावर पोहोचतो तो थकलेला. त्याऐवजी दक्षिणेचा एकच धागा धरावा, आणि अंदमानशी ज्याचं खरोखर नातं आहे असा धागा एकच आहे: चेन्नईपासून नागपट्टिनमपर्यंतचा चोळांचा किनारा. महाबलीपुरम, कुंभकोणम, दारासुरम, गंगैकोंड चोळपुरम, तंजावर, तरंगंबाडी, नागपट्टिनम. महाबलीपुरम वाटेत पाहून पुढे कुंभकोणम आणि तंजावर इथे मुक्काम केला तर रोज तासा-दोन तासांच्या प्रवासात बाकी सगळं निवांत पाहून होतं.

तंजावरचं बृहदीश्वर मंदिर राजराज चोळाने 1010 च्या सुमारास पूर्ण केलं. त्याचा मुलगा राजेंद्र याने 1025 च्या सुमारास समुद्रापलीकडे, आजच्या इंडोनेशिया-मलेशियातल्या श्रीविजय राज्यावर आरमारी स्वारी केली. या स्वारीत जिंकलेल्या ठिकाणांची यादी तंजावरच्या मंदिरातल्या तमिळ शिलालेखात कोरलेली आहे आणि तीत निकोबारचंही नाव आहे. सप्टेंबर 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम झालं, तेव्हा सरकारनेही चोळांच्या आरमाराचा दाखला दिला होता. त्याच मंदिराच्या प्राकारात 1803 सालचा मोठा मराठी शिलालेख आहे. दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात भोसले घराण्याचा इतिहास तिथं दगडावर उतरवला गेला. मंदिरापासून जवळच वाड्यात सरस्वती महाल ग्रंथालय आहे, तिथं मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागदपत्रं जपून ठेवली आहेत. मराठी प्रवाशाने तंजावरला जेवणापुरतं थांबून पुढे जावं, यासारखी हानी नाही. इथं पूर्ण दोन दिवस द्यायलाच हवेत.

तरंगंबाडीला अगदी लाटांच्या तोंडाशी 1620 सालचा डॅनिश किल्ला उभा आहे. डेन्मार्कच्या लोकांनी अठराव्या शतकात निकोबारवर वसाहत करायचा प्रयत्न केला, तोही इथूनच. तिकडच्या तापाने माणसं पटापट मेली आणि अखेर 1868 मध्ये ती बेटं इंग्रजांच्या हाती गेली. पुढे 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीने निकोबार आणि नागपट्टिनम या दोघांनाही एकाच सकाळी झोडपलं. तमिळनाडूतले सर्वाधिक बळी नागपट्टिनम जिल्ह्यातले होते.

मराठी माणूस अंदमानला जातो तो मुख्यतः सेल्युलर जेलसाठी. सावरकरांना तिथं नेलं ते मद्रासहूनच. ‘महाराजा’ नावाच्या बोटीने ते 4 जुलै 1911 रोजी अंदमानला पोहोचले. चेन्नईहून अंदमानला निघणाऱ्या मराठी गटाला हे कुणीतरी चेन्नईतच, बंदराच्या बाजूला उभं राहून सांगायला हवं. दक्षिणेच्या टूरवरचे गाइड ते सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी चेन्नई म्हणजे विमान पकडण्याची जागा.

मदुराई, रामेश्वरम, कन्याकुमारी सोडायचं का? या वेळी सोडावं. रामेश्वरम हेदेखील बेटच आहे, तिथं धनुष्कोडीच्या वाळूवर पुरेसा वेळ द्यायचा तर ती स्वतंत्र सहल होते. केरळही वेगळं ठेवावं. त्याच्याशी जोडायचंच असेल तर लक्षद्वीप आहे, पण ते घाईत उरकण्याचं ठिकाण नाही. तिथल्या 36 बेटांचं मिळून क्षेत्रफळ अवघं 32 चौरस किलोमीटर, वस्ती दहा बेटांवर आणि प्रवेशाला परवाना लागतो. कोचीहून सुटणारी जहाजं पर्यटकांपेक्षा आधी बेटवासीयांची आहेत. रुग्ण, विद्यार्थी, किराणा सगळं त्यातून जातं-येतं. वाळूखाली गोड्या पाण्याचा पातळसा थर असतो आणि त्यावर भागत नाही, म्हणून कवरत्तीत 2005 मध्ये समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प उभारावा लागला. त्याची क्षमता दिवसाला एक लाख लिटर. जानेवारी 2024 नंतर लक्षद्वीपला जाण्याची जी लाट आली, ती या आकड्याकडे पाहून थोडी ओसरली तर बरं.

अंदमानच्या बेटांवर किमान सहा रात्री हव्यात. त्याची कारणं तिथल्या निसर्गातच आहेत. घड्याळ भारताचंच, पण बेटं इतकी पूर्वेला की डिसेंबर-जानेवारीत पाचच्या आसपास सूर्य मावळतो. मुंबईच्या सवयीने दुपारचं जेवण आणि वामकुक्षी आटोपून साडेचारला हॅवलॉकवरच्या राधानगर किनाऱ्यावर पोहोचलं तर पाण्यात उतरायला वेळच उरत नाही. तिथला दिवस पहाटे पाचला सुरू करावा लागतो.

दुसरं म्हणजे भरती-ओहोटी. नील बेटावर, म्हणजे आताच्या शहीद द्वीपवर, लक्ष्मणपूरजवळ दगडाची नैसर्गिक कमान आहे. तिच्यापर्यंतचा खडकाळ पट्टा ओहोटीतच मोकळा होतो. पाणी उतरलं की खडकांच्या खाचांत लहान लहान डबकी राहतात आणि त्यात काळ्या समुद्रकाकड्या, खेकडे आणि कधी एखादा निळसर ओठांचा शिंपला दिसतो. घोटाभर पाण्यात, पाय कुठे पडतो ते बघत, तासभर हळूहळू फिरण्याची ही जागा. टूरची बस भरतीच्या वेळी पोहोचली तर लोक लांबून फोटो काढून परततात. एका दिवसाच्या भेटीत ओहोटी हाती लागेलच असं नाही, मुक्काम असेल तर ती सापडते.

तिसरं कारण जिवाशी निगडित आहे. स्कुबा करताना दाबाखालच्या हवेतला नायट्रोजन शरीरात विरघळतो. तो बाहेर पडायला वेळ लागतो आणि त्याआधी विमानात चढलं तर तिथल्या कमी दाबामुळे त्याचे बुडबुडे होऊन त्रास होऊ शकतो. म्हणून शेवटच्या डुबकीनंतर किमान 12 ते 18 तास विमानप्रवास टाळायचा असतो. 24 तास थांबणं सगळ्यात सुरक्षित. ज्या कार्यक्रमपत्रिकेत दुपारी स्कुबा आणि दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान असेल, ती टूर घेऊच नये. शेवटची रात्रही हॅवलॉकला काढू नये, ती श्री विजयपुरमलाच काढावी. फेरी रद्द झाली तरी विमान चुकत नाही.

बाराटांगची सहल मात्र पूर्ण टाळावी. तिथली चुनखडीची गुहा पाहायला गाड्यांचा ताफा जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये हा रस्ता बंद करायला सांगितला होता, तरी तो चालू राहिला. जारवा बायकांना पर्यटकांसमोर नाचायला लावल्याची चित्रफीत 2012 मध्ये उघड झाली आणि देशाची मान खाली गेली. जेमतेम काही शे लोकांचा हा समाज. बाहेरच्यांशी संपर्क वाढताच 1999 मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली होती. गुहा न पाहिल्याने प्रवाशाचं काहीच बिघडत नाही. प्रवाळ आणि शिंपलेही उचलू नयेत. कायद्याने मनाई आहे आणि विमानतळावर बॅगा उघडून ते काढून घेतले जातात.

टूर कंपन्यांना हे सगळं ठाऊक आहे. त्यांचे व्यवस्थापक वर्षानुवर्षं या बेटांवर जात आले आहेत, रद्द झालेल्या फेऱ्यांचा मनस्ताप त्यांनीच सोसला आहे. त्यांनी माहितीपत्रकात दोन ओळी छापाव्यात: या तारखांना तिथं पावसाळा असतो, आणि या टूरमध्ये एक राखीव दिवस धरला आहे किंवा नाही. ज्यांनी येत्या दिवाळीचं बुकिंग आधीच केलं आहे, त्यांनी आजच फोन करून तारीख जानेवारीनंतरची मिळते का ते विचारावं. मिळत नसेल तर अंदमान या टूरमधून काढून टाकावं, वाचलेल्या रात्री तंजावर-कुंभकोणमला द्याव्यात आणि बेटांसाठी फेब्रुवारीत वेगळं निघावं.