४० आणि १०० चा घोळ आता थांबवा

नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून आमच्याकडून पाच गोष्टी घोकून घेतल्या जातात. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. वॉर्डची इनचार्ज सिस्टर म्हणून मीही नव्या मुलींकडून त्या म्हणवून घेते. पण इन्शुलिनच्या बाबतीत या पाचही गोष्टी केसपेपरवर बिनचूक असतात आणि तरीही रुग्णाच्या अंगात भलताच डोस जाऊ शकतो. कारण आपल्याकडे इन्शुलिन दोन ताकदींचं मिळतं.

सरकारी दवाखान्यात येणारी व्हायल बहुतेक वेळा ४० ची असते, म्हणजे एका मिलिलीटरमध्ये ४० युनिट. पेनची कार्ट्रिज १०० ची. काही व्हायलही १०० च्या येतात. त्यामुळे सिरिंजही दोन प्रकारच्या. ४० च्या सिरिंजचं टोपण लाल, १०० च्या सिरिंजचं नारिंगी. रात्री वॉर्डातले निम्मे दिवे बंद असताना ट्रॉलीवर हा लाल आणि हा नारिंगी ओळखायचा असतो. त्याच वेळी कोपऱ्यातल्या खाटेवरचं सलाईन संपत आलेलं असतं, आणि कुणीतरी नातेवाईक पाठीशी उभा राहून "सिस्टर, जरा बघता का" म्हणत असतो.

१०० चं इन्शुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात २० नव्हे, ५० युनिट जातात. उलट झालं, ४० चं इन्शुलिन १०० च्या सिरिंजने दिलं, तर २० च्या जागी जेमतेम ८ जातात. हा दुसरा प्रकार निरुपद्रवी वाटतो. तो तसा नाही, हे मी वॉर्डात पाहिलं आहे.

स्टोअरमध्ये ४० च्या सिरिंज संपल्या होत्या. एका आजींच्या मुलाला चिठ्ठी दिली, त्याने बाहेरच्या मेडिकलमधून "इन्शुलिनची सुई" मागितली आणि दुकानदाराने १०० ची दिली. चिठ्ठीवर आकडा नव्हता. लिहिलेले २० युनिट रोज ८ च होऊन जात राहिले. शुगर उतरेना, म्हणून राउंडला डोस ३० झाला, मग ४०. स्टोअरमध्ये मागवलेला माल आल्यावर लाल टोपणाच्या सिरिंज पुन्हा ट्रॉलीवर आल्या. आता लिहिलेले ४० खरोखरचे ४० जाणार होते आणि आजींच्या अंगात तोवर १६ च्या वर कधी गेलेच नव्हते. ड्यूटी बदलताना हँडओव्हर घेणाऱ्या मुलीने जुनी सिरिंज हातात घेऊन वाचली, म्हणून आजी वाचल्या. तसाच डोस गेला असता, तर शुगर पडून आलेली ग्लानी झोप समजली गेली असती.

असा प्रसंग अंगाशी आला की कारणे दाखवा नोटीस सिस्टरला येते. दोन ताकदी बाजारात ठेवणारा, आकडा न लिहिता सिरिंज मागवणारा, एकीला अख्खा वॉर्ड सोपवणारा, यांतल्या कुणाच्याच नावाने नोटीस निघत नाही. मला हे मान्य नाही. जबाबदारी सिस्टरची आहेच, ती आम्ही टाळत नाही. पण चुकायला जागा ठेवायची आणि मग चुकलेल्या हाताला धरायचं, याने रुग्ण सुरक्षित होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी हानी कमी करण्याची मोहीम जाहीर केली, तीही व्यवस्था सुधारण्यावरच भर देते. ब्रिटन तर १९८३ मध्येच १०० च्या इन्शुलिनवर गेलं. आपण अजून दोन्ही चालवतो. केंद्र सरकारने मुदत घालून एकच ताकद ठेवावी. ते होईपर्यंत स्टोअरने व्हायल आणि तिची सिरिंज एकत्रच वॉर्डात पाठवावी. डॉक्टरांनी आकड्यापुढे नुसता इंग्रजी 'यू' न काढता 'युनिट' पूर्ण लिहावं, कारण घाईत काढलेला 'यू' शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात. आणि इन्शुलिन भरताना दुसऱ्या सिस्टरने डोस तपासायचा, हा नियम पाळायला दुसरी सिस्टर ड्यूटीवर असायला हवी.

वाचकांपैकी अनेकांच्या फ्रिजच्या दारात इन्शुलिनची बाटली असेल. आजच ती काढा आणि तिच्यावर ४० लिहिलंय की १०० ते वाचा. मग सिरिंजवरचा आकडा वाचा. दोन्ही जुळत नसतील, तर मनाने हिशेब करून डोस कमी-जास्त करू नका, पुढचं इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. मेडिकलमध्ये नुसती "इन्शुलिनची सुई" मागू नका, आकडा सांगून मागा. आणि वॉर्डात सिस्टर ट्रॉलीपाशी सिरिंज भरताना दिसली, तर तिचं भरून होईपर्यंत तिला हाक मारू नका.