टॅरेंटुला घरी नको, बिळातच हवा

काचेच्या पेटीत टॅरेंटुला पाळायचा आणि जवळून त्याचे फोटो काढायचे, हा छंद युरोप-अमेरिकेत रुजला, आपल्या महानगरांत आला आणि आता मोबाईलच्या पडद्यावरून भालकी, औराद, हुमनाबाद, आळंदच्या पोरांनाही भुरळ घालतो. या कोळ्याबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, विषारी जीव आहे, दिसेल तिथे ठेचा. दुसरं म्हणतं, पाळल्यानेच त्याची भीती जाईल आणि जातही वाचेल. मला दोन्ही अमान्य आहेत. टॅरेंटुला मारायची गरज नाही आणि पाळायचीही नाही. त्याचा फोटो मात्र जरूर काढावा, पण त्याच्या बिळाच्या तोंडाशी बसून.

आधी ठेचणाऱ्यांचं म्हणणं घेऊ. टॅरेंटुलाला विष असतं, हे खरं. चावला तर दुखतं, सूज येते. झाडाच्या ढोलीत राहणाऱ्या पोएसिलोथेरिया गटातल्या कोळ्यांच्या दंशाने स्नायूंना तीव्र पेटके आल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. म्हणून त्याला हातावर चढवून फोटो काढणं हे धाडस नव्हे, अविचार आहे. पण या कुळातल्या कोळ्याच्या विषाने माणूस दगावल्याचा खात्रीचा पुरावा नाही. २०१२ साली आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यातल्या सदिया भागात कोळी चावून माणसं मेल्याची बातमी देशभर गाजली. ते मृत्यू विषानेच झाले, हे सिद्ध झालं नाही. रुग्णांना आधी ओझांकडे, म्हणजे मांत्रिकांकडे नेलं होतं आणि तिथे पात्याने जखमा कापून रक्त काढलं होतं, असंही त्याच वेळी समोर आलं. आपल्या शिवारात पावसाळ्यात ज्यांच्यापासून खरोखर जपायचं ते घोणस, मण्यार आणि फुरसं. त्यांची भीती कोळ्यावर काढण्यात काही अर्थ नाही.

आता पाळणाऱ्यांकडे वळू. त्यांचा पक्ष दुबळा नाही, म्हणून तो त्यांच्या बाजूने पूर्ण मांडतो. ते म्हणतात, टॅरेंटुला फिरस्ता प्राणी नाही. मादी आयुष्यभर एका बिळात राहते, मग पेटीत तिला काय कमी? ते म्हणतात, रानात जेसीबी आणि फवारणीने ती मरणारच आहे, आमच्याकडे निदान जगेल. ते म्हणतात, बंदिस्त पैदाशीमुळे दुर्मीळ जाती टिकतात. आणि शेवटी म्हणतात, घरात असल्याशिवाय तिचे बारकावे टिपता येत नाहीत. चारही मुद्दे एकेक करून तपासू.

बंदिस्त पैदाशीचा मुद्दा सगळ्यात वजनदार, म्हणून तो प्रथम. त्याचं खरं उदाहरण आपल्याच रेल्वेमार्गावर आहे. मुंबईहून चेन्नईला जाणारी गाडी सोलापूर, कलबुर्गी, वाडी, रायचूर करत गुंतकलपुढे गुत्तीला पोहोचते. मुरारराव घोरपड्यांची ती गुत्ती. तिथल्या रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत एक निळाशार कोळी सापडला आणि १८९९ साली आर. आय. पोकॉक या ब्रिटिश शास्त्रज्ञाने त्याला पोएसिलोथेरिया मेटॅलिका हे नाव दिलं. पुढे शंभर वर्षं त्याचा पत्ता नव्हता. २००१ साली तो पुन्हा सापडला तो गुत्तीत नव्हे, तर तिथून बऱ्याच अंतरावर, नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधल्या जंगलात. वखारीतला तो पहिला कोळी लाकडाबरोबर रेल्वेने आला असावा, असं अभ्यासक मानतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २००८ साली ही जात ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवली, कारण तिचं ज्ञात क्षेत्र १०० चौरस किलोमीटरहूनही कमी होतं आणि तिथली जुनी झाडं लाकडासाठी आणि जळणासाठी तोडली जात होती.

पुन्हा सापडल्यावर काही वर्षांतच हा निळा कोळी परदेशी छंदिष्टांच्या पेट्यांत दिसू लागला. एका कोषातून शंभरेक पिल्लं निघतात, त्यामुळे आज तो तिथे सहज विकत मिळतो. पाळणारे म्हणतात, बघा, वाचला! मी विचारतो, काय वाचलं? नंद्यालकडच्या जंगलात त्यामुळे एकही झाड जास्त उभं राहिलेलं नाही. या कोळ्याला धोका वृक्षतोडीचा होता, आणि पेटीतली पैदास वृक्षतोड थांबवत नाही. उलट, एखादी जात सापडल्याची बातमी आली की तिच्या ठिकाणाचा माग काढत पकडणारे पोहोचतात. म्हणूनच २०१९ साली जिनिव्हाच्या परिषदेत संपूर्ण पोएसिलोथेरिया गट साइट्स या वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घातला गेला. मेक्सिकोच्या लाल गुडघ्यांच्या टॅरेंटुलावर हीच वेळ १९८५ साली आली होती. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोळी, विंचू आणि त्यांच्या नातलगांच्या १,२६४ जाती इंटरनेटवरच्या व्यापारात आढळल्या, आणि त्यांतल्या फारच थोड्या जातींच्या व्यापारावर कुणाचं आंतरराष्ट्रीय नियंत्रण होतं.

‘आम्ही परदेशी पैदाशीचेच घेतो’ असंही सांगितलं जातं. ते येतात कसे, हे २०२१ च्या जुलैत चेन्नईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी दाखवलं. पोलंडहून आलेल्या टपाल पार्सलात प्लॅस्टिकच्या कुप्यांत, चांदीच्या कागदात आणि कापसात गुंडाळलेले १०७ जिवंत कोळी निघाले. आयात परवाना नव्हता, आरोग्याचे कागद नव्हते. पार्सल पोलंडला परत पाठवायचं ठरलं. कुपीत कोंबून, खंड ओलांडून आणि परत फिरवून जो जीव हाती येतो, त्याला प्रेमाने पाळलेला म्हणता येत नाही.

दुसरा मुद्दा पेटीतल्या सुखाचा. मादीला हिंडायला मोठी जागा लागत नाही, हे मान्य. पण तिला जे लागतं ते आपण देऊ शकतो का? टॅरेंटुलाला पुस्तकाच्या पानांसारख्या रचनेच्या दोन जोड फुप्फुसांतून श्वास घ्यावा लागतो आणि कोरड्या हवेत त्याच्या अंगातलं पाणी उडून जातं. मे महिन्यात कलबुर्गीत पारा चाळिशीच्या खूप वर जातो. जमिनीखाली, धाग्याचं अस्तर लावलेल्या बिळात, त्याच वेळी गारवा आणि ओल टिकून असते. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीत, वीज गेलेल्या दुपारी, काचेच्या पेटीत ती टिकत नाही. त्यात काचेवर चढून हातभर उंचीवरून पडली तरी तिचं जड पोट फाटू शकतं. आणि वय? मादी वीस वर्षांपर्यंत जगू शकते. कॉलेजात असताना पेटी आणणारा मुलगा नोकरीला पुण्या-हैदराबादला गेला की ती पेटी घरात कुणी सांभाळायची?

तिसरा मुद्दा, रानात ती मरणारच. बांध खोदले जातात, माळ सपाट होतात, हे रोज डोळ्यांनी दिसतं. पण त्यावर उपाय म्हणून उरलेल्या बांधावरून आणखी एक मादी उचलणं हे तर्काला धरून नाही. बहुतेक टॅरेंटुलांची पिल्लं इतर कोळ्यांच्या पिल्लांसारखी वाऱ्यावर तरंगत दूर जात नाहीत. ती चालत जाऊन आईच्या आसपासच बिळं धरतात, आणि मादी वयात यायला कित्येक वर्षं लागतात. म्हणून एका उतारावरच्या चार माद्या खणून नेल्या तर त्या उताराची पुढची पिढीच खुंटते. मुरमाचा उतार वाचवायचा असेल तर शेतमालकाशी बोलावं लागेल, ग्रामपंचायतीत बोलावं लागेल. ते कष्टाचं आहे, पण तेच संवर्धन आहे.

इथे कायद्याचं भान हवं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने साइट्समधल्या जाती चौथ्या अनुसूचीत आणल्या. अशा जातीचा जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने नोंदणी करणं बंधनकारक आहे आणि तिचे नियम २०२४ साली लागू झाले. अभयारण्यातून तर परवानगीशिवाय कोणताही वन्य जीव उचलता येत नाही, आणि चिंचोळीचं जंगल २०११ पासून अभयारण्य आहे. पण आपल्या माळावरच्या एखाद्या जातीचं नाव यादीत नसेल, म्हणून तिला उचलणं योग्य ठरत नाही. कायदा किमान मर्यादा सांगतो. चांगलं वागणं त्याच्यापुढे सुरू होतं.

चौथा मुद्दा फोटोचा, आणि तो मला जिव्हाळ्याचा आहे. पाळणाऱ्यांचं एक ऋण मी उघड मानतो. कोळी उताणा पडून कात टाकतो, मादी कोष पायांत धरून राखते, हे आपण इतकं जवळून पाहिलं ते पेट्यांसमोर बसलेल्या माणसांमुळे. शास्त्रज्ञही नमुने गोळा करतात. झीशान मिर्झा आणि राजेश सानप यांनी २०१४ साली मुंबईच्या आरे वसाहतीतून हेटेरोफ्रिक्टस आरेयेन्सिस ही नवी जात नोंदवली ती नमुने अभ्यासूनच. पण मोजक्या नमुन्यांवर ठिकाण, तारीख आणि अधिवास लिहिलेला असतो आणि ते कुणालाही तपासता येतात. पांढऱ्या पुठ्ठ्यावर ठेवलेल्या, कुठून आणला हे न सांगितलेल्या कोळ्याचा फोटो कितीही रेखीव असला तरी त्याने ज्ञानात काही भर पडत नाही. बिदरी काम करणारा कारागीर ज्या मातीने जस्ताच्या भांड्यावर काळा रंग चढवतो ती बिदरच्या किल्ल्यातलीच लागते. कोळ्याची माहितीही तशीच त्याच्या जागेच्या मातीला बांधलेली असते. ती माती सोडली की हाती फक्त आकार उरतो.

मग करायचं काय? सगळ्यात मोठं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं आहे. बार्बरा यॉर्क मेन या शास्त्रज्ञ बाईंनी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या गव्हाच्या पट्ट्यात, शेतांमध्ये उरलेल्या झुडपी जंगलात, १९७४ पासून झाकणाच्या बिळात राहणाऱ्या कोळ्यांच्या नोंदी ठेवल्या. हे कोळी टॅरेंटुलाचे नातलग. त्यांनी एकेका बिळाला क्रमांक दिला आणि वर्षानुवर्षं त्याच जागी परत जात राहिल्या. त्यांतली सोळा क्रमांकाची मादी ४३ वर्षं जगली आणि २०१६ साली तिचं बीळ रिकामं मिळालं. झाकणाला परजीवी गांधीलमाशीने भोक पाडलेलं होतं. जगातल्या सर्वांत दीर्घायुषी कोळ्याची ही नोंद पेटीतून आली नाही. शेतांनी वेढलेल्या एका तुकड्यावर चिकाटीने जाणाऱ्या माणसाकडून ती आली. तुरीच्या रानांमध्ये उरलेले आपले माळ आणि उतार याच कामाचे आहेत.

हे काम आपल्याला जमण्यासारखं आहे. बिदरच्या जांभ्याच्या पठारावर, कोंचावरमकडच्या पायवाटांच्या कडेला, मुरमाड बांधांवर कोळ्याची बिळं शोधावीत. भोवती धाग्याची झिलई असलेलं गोल तोंड दिसलं की जागा लक्षात ठेवावी आणि अंधार पडल्यावर शेतमालकाला सांगून, जोडीदार घेऊन, उंच बूट घालून तिथे जावं. टॅरेंटुलाची नजर अधू असते, पण जमिनीचा हादरा त्याला लगेच कळतो. म्हणून हळू चालावं आणि बिळापासून थोडं दूर बसून वाट पाहावी. काडी घालून ओढणं, पाणी ओतणं, कुदळ लावणं, आणि काही जण करतात तसं कोळ्याला फ्रिजमध्ये गार करून बधिर करणं, हे सगळं वर्ज्य. एक मॅक्रो लेन्स पुरते. फ्लॅशवर पातळ कागद किंवा डिफ्यूझर लावून तो बाजूला धरावा, छिद्र एफ ११ च्या आसपास ठेवावं. पहिला फोटो लांबून, बीळ आणि भोवतालची माती दिसेल असा, दुसरा जवळून. साधा मोबाईल आणि बॅटरी असेल तरी पहिला फोटो काढता येतो, आणि अभ्यासाला तो जास्त उपयोगी आहे.

फोटोबरोबर तारीख, माती, उतार, बिळाचा व्यास आणि पाऊस पडून किती दिवस झाले, हे वहीत लिहावं. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर नोंद टाकताना अचूक ठिकाण झाकावं. पकडणाऱ्यांना रस्ता आपण दाखवू नये. सीमाभागातल्या मराठी आणि कन्नड शाळांनी मिळून गावाच्या बिळांची वही ठेवली तर पाच वर्षांत आपल्या माळांविषयी अशी माहिती जमेल जी कुठल्याच पेटीतून मिळणार नाही.

पहिल्या पावसानंतर मादीच्या शोधात भटकणारा नर घरात शिरला तर त्याला डब्याखाली झाकावं, खालून पुठ्ठा सरकवावा आणि जवळच्याच बांधावर दगडांमध्ये सोडावं. ज्यांच्याकडे आधीच परदेशी टॅरेंटुला आहे त्यांनी नियम पाहून नोंदणी करावी आणि तो मरेपर्यंत नीट सांभाळावा; त्याला शिवारात सोडणं हा दुसरा अपराध ठरेल. नवा मात्र आणू नये.

प्रेम करणाऱ्याला ताब्यात घ्यावंसं वाटतं, हे मी समजू शकतो. पण या जिवाला आपल्या प्रेमाची गरज पेटीत नाही, बांधावर आहे. ज्याला टॅरेंटुलाचा खरा छंद आहे त्याने पेटीचे पैसे चांगल्या बॅटरीवर आणि बुटांवर खर्च करावेत, आणि येत्या मृगात आपल्या गावचं एक तरी बीळ नोंदवावं.