एकच वास, दोघांसाठी: उमापुरातून परफ्यूम विकायचा असेल तर



परफ्यूमचा धंदा टाकायचा म्हणणाऱ्यांची यादी बहुतेक वेळा सारखीच असते. पुरुषांसाठी चार वास, बायकांसाठी चार वास. काळी बाटली, गुलाबी बाटली, आणि त्यावर "बोल्ड", "मिस्टीरियस", "रॉयल" असले शब्द. माझं मत वेगळं आहे. उमापूरसारख्या गावातून, गेवराई तालुक्यातल्या गिऱ्हाईकाच्या जिवावर सुरुवात करणार असाल तर एकच वास घ्या. वरून मोसंबी-लिंबाचा, खालून लाकडाचा. आणि तो बाई-माणूस दोघांनाही विका.

आधी पैशाचं बोलू, कारण बुडतात ते पैसेच. समजा एका बाटलीचा सगळा खर्च १२० रुपये. आठ वास, प्रत्येकी ५० बाटल्या, म्हणजे ४०० बाटल्या आणि ४८,००० रुपये फळीवर. त्यातले दोन वास चालणार, बाकीचे सहा धूळ खाणार. एकाच वासाच्या १०० बाटल्या घेतल्या तर १२,००० अडकतात. उरलेले ३६,००० तुमच्या हातात राहतात. बीड जिल्ह्यात कित्येक घरांत हे भांडवल म्हणजे ऊसतोडीच्या हंगामातून वाचवलेला पैसा असतो. आई-बापानं कोयता चालवून आणलेला पैसा गुलाबी बाटल्यांत बंद करून ठेवायचा का, एवढंच स्वतःला विचारा.

आता "दोघांसाठी एकच वास" याला लोक नाकं मुरडतात. पण ही काही शहरातून आलेली फॅशन नाही बरं का. आपल्याकडं लग्नाच्या मांडवात अत्तर लावायचे तेव्हा पाहुण्याचं आणि पाहुणीचं अत्तर वेगळं होतं का? हळदीकुंकवाला जी अत्तरदाणी फिरायची तीच बैठकीतही फिरायची. चंदन, वाळा, केवडा, हे वास कुणा एकाचे नव्हतेच. "फॉर हिम", "फॉर हर" ही वाटणी पुढं बाटलीनं आणि जाहिरातीनं केली. बाहेरच्या जगातही तेच. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या कोलोन शहरात योहान मारिया फरिना नावाचा इटालियन माणूस होता. त्याचं लिंबूवर्गी सुगंधी पाणी म्हणजे मूळ ओ द कोलोन, आणि ते पुरुषही लावत, बायकाही लावत. नंतर १९९४ मध्ये कॅल्विन क्लाइननं "सीके वन" उघडपणे दोघांसाठी म्हणून आणला आणि तो जगभर खपला. तोही लिंबूवर्गीच. म्हणजे ही वाट चाललेली आहे, तुम्ही काही धाडस करत नाही.

मग या वासाचा माणूस कसा असतो? परफ्यूम विकणारे इथंच सगळ्यात जास्त थापा मारतात. बाटलीतून आत्मविश्वास येत नाही. मुलाखतीला जाणाऱ्या पोराला तसं सांगून विकलं तर तो एकदाच घेईल. पण वासातून एक माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो, हे मात्र खरं आहे. मोसंबीची साल मोडल्यावर जे बारीक तुषार उडतात तो वास, आणि त्याच्या मागून सुताराच्या रंध्याखाली पडलेल्या भुशाचा, उन्हाळ्यात वाळ्याच्या ताटीवर पाणी मारल्यावर येतो तसा वास. मला यात पहाटे आंघोळ करून पहिल्या एसटीला उभा राहिलेला माणूस दिसतो. कमी बोलणारा, पण शब्द दिला तर पाळणारा. ती दवाखान्यातली नर्स असेल, पोलीस भरतीची तयारी करणारी मुलगी असेल, पतसंस्थेतला क्लार्क असेल. यांना गाडीत बसल्याबरोबर सगळ्यांनी मान वळवावी असा वास नको असतो. (खच्चून भरलेल्या एसटीत गोड, जड परफ्यूम काय करतो हे ज्यानं सोसलंय त्याला सांगायला नको.) मोसंबी आपल्या मराठवाड्याची, जालन्याच्या मोसंबीला तर भौगोलिक मानांकन आहे. "ओशन", "आर्क्टिक" लिहिण्यापेक्षा बाटलीवर सरळ लिहा: मोसंबीची साल, वाळा, लाकूड. मात्र त्या वस्तूंचा वास खरंच त्यात असेल तरच लिहा.

एक अडचण मात्र डोळ्यांआड करू नका. लिंबूवर्गी वास लवकर उडतो. त्याचे रेणू हलके असतात, पंधरा-वीस मिनिटांत ताजेपणा ओसरतो, आणि आपल्या मे महिन्यात त्याहूनही लवकर. गिऱ्हाईक लगेच म्हणतं, "टिकत नाही राव." टिकतं ते लाकूड: चंदन, देवदार, वाळा. म्हणून माल घेताना पहिल्या फवाऱ्यावर सौदा करू नका. मनगटावर मारा, दोन तास कामं करा, मग हुंगा. उरलेला वास आवडला तरच घ्या. गिऱ्हाईकालाही तसंच विका. बाजाराच्या दिवशी हातावर मारून द्या आणि सांगा, "भाजी घेऊन या ताई, मग ठरवा." काही जण परत येणार नाहीत. जे येतील ते घासाघीस कमी करतील, हे माझं अनुभवाचं मत.

घरी मोसंबीच्या साली स्पिरिटमध्ये भिजवून परफ्यूम करण्याचे व्हिडिओ फिरतात. ते विकायला करू नका. लिंबू आणि बर्गमॉट यांच्या सालीतून दाबून काढलेलं तेल कातडीवर राहिलं आणि ऊन लागलं तर चट्टे उठू शकतात. शिवाय परफ्यूम कायद्यानं सौंदर्यप्रसाधनात मोडतो, बनवायला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, आणि अल्कोहोल आलं की उत्पादन शुल्क खातंही येतं. सुरुवातीला परवानाधारक कारखान्याकडून आपल्या नावानं भरून घेणं सोपं. लेबलवर निर्मात्याचं नाव-पत्ता, किती मिली, एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क हवाच. हे काम शिकायचंच असेल तर कनौजला केंद्र सरकारच्या एमएसएमई मंत्रालयाखालचं सुगंध व सुरस विकास केंद्र आहे, १९९१ पासूनचं. तिथं प्रशिक्षण मिळतं. आणि मोठ्या ब्रँडची "फर्स्ट कॉपी" विकायचा विचार असेल तर हा लेख इथंच सोडा, तुमचं-माझं जमणार नाही.

बाटली छोटी ठेवा, ८-१० मिलीची, खिशात आणि पर्समध्ये मावणारी. तिची किंमत अशी हवी की मजुराच्या पोरीनं घरी न विचारता घ्यावी. आणि वेळ बघा. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यावर जातात, गावं निम्मी रिकामी होतात. मार्च-एप्रिलला माणसं परततात, लग्नसराई सुरू होते आणि हातात थोडा पैसा असतो. तुमच्या पहिल्या १०० बाटल्या फेब्रुवारीच्या शेवटी दुकानात आलेल्या असाव्यात, दिवाळीच्या तोंडावर नाही.