नांवाची भिंत आणि तळ्यांतील मासा

परदेशी व्यापारांत मालाच्या गुणाइतकेंच त्याच्या नांवालाहि महत्त्व असतें, आणि प्रसंगीं नुसत्या नांवावरून राष्ट्राराष्ट्रांत तंटे माजतात. अमेरिका व व्हिएतनाम यांच्यामधील कॅटफिशचा तंटा हा त्यांतलाच होय. कॅटफिश म्हणजे आपल्याकडील मांगूर व शिंगी यांच्या गोत्रांतील मिशाळ मासे. हा तंटा दूरदेशचा खरा, पण त्यांतील बोध आपल्या दाराशींचा आहे.

अमेरिकेंत मिसिसिपी, अलाबामा, आर्कान्सा या संस्थानांतील शेतकरी तळीं बांधून हा मासा वाढवितात. व्हिएतनामांत मेकाँग नदीच्या मुखाकडील प्रदेशांत 'त्रा' व 'बासा' या त्याच्या भाऊबंदांची पैदास होते. १९९५ सालीं उभय देशांचे संबंध जुळल्यावर हा मासा गोठविलेल्या तुकड्यांच्या रूपानें अमेरिकेंत स्वस्त विकला जाऊं लागला. या स्वस्ताईचें कारण गूढ नाहीं. त्रा मासा पाण्यावर येऊन हवा घेऊं शकतो, म्हणून थोड्या जागेंत पुष्कळ मासे पोसतां येतात. शिवाय नदीचें पाणी हाताशीं व मजुरी अल्प. अमेरिकन माशाच्या तळ्यांत यंत्रानें हवा खेळवावी लागते.

२००२ सालीं अमेरिकेनें कायदा करून 'कॅटफिश' हें नांव केवळ तेथील कुळाच्या माशांस राखून ठेविलें. आपण काय खातों हें गिऱ्हाइकास कळावें, येथवर आमची तक्रार नाहीं. परंतु नांवानें भागेना. तेव्हां खर्चाहून कमी भावानें माल लोटल्याच्या आरोपावरून २००३ सालीं शेंकडा सुमारें ३७ पासून ६४ पर्यंत ज्यादा जकात बसविण्यांत आली. आणि ती ठरवितांना व्हिएतनामी शेतकऱ्याचा खर्च बांगलादेशांतील दरांवरून मोजण्यांत आला! पुढें २००८ व २०१४ च्या कायद्यांनीं या माशांची तपासणी शेतकी खात्याकडे सोंपविली, आणि त्या कामापुरती सर्वच मिशाळ मासे कॅटफिश ठरले. नांव लावण्याच्या वेळीं जो कॅटफिश नव्हता, तोच तपासणीच्या वेळीं कॅटफिश झाला.

याचें फळ काय? व्हिएतनामी मासा आपल्याच नांवानें खपूं लागला. त्या देशानें युरोपांत व पुढें चीनमध्यें गिऱ्हाइकें जोडलीं, आणि २०१८ सालीं त्याची या माशाची निर्यात दोन अब्ज डॉलरांवर गेली. पुण्या-मुंबईच्या दुकानांतहि आज बासा मिळतो. उलट मिसिसिपींतील तळ्यांचें क्षेत्र २००१ च्या सुमारास लाख एकरांवर होतें, तें पुढें निम्म्याच्याहि खालीं आलें. याचा सारा दोष परदेशी मालावर ढकलतां येणार नाहीं. मका व सोयाबीन महागल्यानें खाद्याचा खर्च वाढला, हेंहि मोठें कारण होतें. त्यावर नांवाच्या कायद्याजवळ औषध नव्हतें.

आमचें स्पष्ट मत असें कीं, खरें नांव ही शेतकऱ्याची इस्टेट आहे. पण नांव म्हणजे तटबंदी नव्हे. कोंकणच्या हापुसास २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, हें योग्यच झालें. तथापि मानांकनानें बागेचा खर्च उतरत नाहीं, कीं पेटींतील डागी फळ चांगलें होत नाहीं. जकातीचा आसरा संकटकाळीं जरूर मागावा. परंतु तो सवडीचा काळ समजून तेवढ्यांत आपलें घर सांवरावें, नाहीं तर भिंतीआड बसून आपणच खंगतों.

म्हणून शेततळ्यांत मासे सोडूं इच्छिणाऱ्या आमच्या बांधवांस आमची सूचना इतकीच कीं, शेराला काय खर्च पडतो याचा हिशेब आधीं लिहून ठेवावा, खाद्य व विक्री यांची व्यवस्था संघ करून एकत्र पाहावी, आणि एकाच गिऱ्हाइकावर सारा भार टाकूं नये. सरकारचे कायदे बदलतात. वहीतला हिशेब मात्र आपल्या हातीं असतो.