पिंजरे धुणाऱ्या हातांचा सवाब

गेल्या महिन्यात एका भगिनीने आम्हाला प्रश्न विचारला. मुलगा कॉलेजात शिकतो. दर रविवारी जखमी वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्रावर मदतीला जायचे, असे त्याने ठरवले आहे. पैसे मिळत नाहीत, कपड्यांना वास येतो, आणि वडिलांचे म्हणणे असे की, जनावरांचा डॉक्टर व्हायचे असते तर गोष्ट वेगळी, फुकट पिंजरे धुवायला कशाला जायचे? त्याला जाऊ द्यावे की अडवावे?

हा प्रश्न बऱ्याच घरांतला आहे, म्हणून या वेळचे सदर त्यालाच देत आहोत. शिवाय संक्रांत जवळ आली आहे. येवला, मालेगाव, नागपूर, जिथे जिथे आकाशात पतंग चढतात, तिथे तिथे पक्षी मांजात अडकून खाली येतात.

आधी दिल्लीच्या एका घराची हकीकत सांगतो. वजिराबाद भागात नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद हे दोघे भाऊ राहतात. हातावर साबण सोडणाऱ्या डब्या बनवणे हा घरचा धंदा. तरुणपणी त्यांना एक जखमी घार सापडली. आपल्या घरांत जिला चील म्हणतात, तीच. तिला ते पक्ष्यांच्या एका दवाखान्यात घेऊन गेले. हा पक्षी मांस खातो, म्हणून तिथे तिला ठेवून घेतले नाही. ही गोष्ट दोघांच्या मनाला लागून राहिली. पुढे जखमी घारी ते घरी आणू लागले. व्यायामाचा शौक होता, त्यामुळे स्नायू आणि स्नायूबंध कसे काम करतात हे त्यांनी शरीरसौष्ठवाच्या मासिकांतून थोडेफार वाचले होते. त्या जुजबी माहितीवर सुरुवात झाली आणि मग अनुभव व डॉक्टरांची साथ मिळत गेली. घराच्या तळघरात एका बाजूला डब्यांचे सामान आणि दुसऱ्या बाजूला पट्टी बांधलेल्या घारी, असा त्यांचा दवाखाना वर्षानुवर्षे चालला. आजवर हजारो पक्षी त्यांच्या हाताखालून गेले आहेत.

शौनक सेन यांनी त्यांच्यावर 'ऑल दॅट ब्रीद्स' हा माहितीपट काढला. २०२२ मध्ये सनडान्स आणि कान या दोन्ही महोत्सवांत त्याला पुरस्कार मिळाले आणि २०२३ मध्ये तो ऑस्करच्या शर्यतीत होता. त्यात सालिक रहमान हा त्यांचा तरुण सहकारी दिसतो. खोक्यातून पक्षी आणणे, मांस दळणे, पिंजरे साफ करणे अशी सगळी कामे तो करतो. एकदा तर घार त्याचा चष्माच उचलून नेते! जखमी पक्ष्यासाठी हे लोक थंडीत नदीच्या पाण्यात उतरतात. २०२० च्या सुरुवातीला ईशान्य दिल्लीत दंगल पेटली, घरच्यांच्या मनात धास्ती होती, तरीही पक्ष्यांची खोकी येत राहिली आणि ती उघडली जात राहिली.

जुन्या दिल्लीत घारींना मांसाचे तुकडे उडवण्याची रीत आहे. लोक सदका म्हणून ते करतात, बला टळते असे मानतात. त्या रिवाजाबद्दल आम्ही इथे वाद घालत नाही. एवढेच म्हणतो की तुकडा वर उडवायला अर्धा मिनिट लागतो. तीच घार पंख फाटून खाली पडली, तर तिच्याजवळ महिनाभर बसणारा माणूस फार क्वचित सापडतो. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची माफी झाली आणि मांजरीला कोंडून उपाशी मारणारीला शिक्षा झाली, या प्रेषितांनी (स.) सांगितलेल्या दोन्ही हकिकती आपण मुलांना लहानपणी ऐकवतो. मग मोठा झालेला मुलगा त्याच वाटेने निघाला की आपण कपड्यांच्या वासाची तक्रार का करावी?

आता कामाविषयी. अशा केंद्रावर गेल्या गेल्या वाघ-बिबट्याला हात लावायला मिळेल, अशी मुलांची समजूत असते. तसे काही होत नाही. पहिले कित्येक दिवस झाडू, बादली आणि जंतुनाशक हीच सोबत असते. टॉवेल धुवायचे, मांस मोजून कापायचे, कोणत्या पक्ष्याने किती खाल्ले आणि त्याचे वजन किती भरले ते वहीत लिहायचे. डॉक्टर टाके घालत असताना पक्ष्याच्या डोळ्यांवर कापड टाकून त्याचे पाय घट्ट धरायचे, कारण घारीचे खरे हत्यार तिच्या नख्या असतात.

आणि गप्प राहायचे, हे सर्वांत अवघड. जनावराशी लाडाने बोलायचे नाही, नाव ठेवायचे नाही, फोटोसाठी कुशीत घ्यायचे नाही. माणसाला सरावलेले पिल्लू पुढे जंगलात टिकत नाही. ते माणसाजवळ येते आणि मारले जाते. आपल्या जुन्नरकडचे उदाहरण घ्या. ऊसतोडीच्या वेळी फडात बिबट्याची पिल्ले सापडतात. वनखात्याचे लोक आणि डॉक्टर त्यांना तपासतात आणि शक्य असेल तेव्हा त्याच जागी सुरक्षित ठेवतात. रात्री मादी येऊन त्यांना घेऊन जाते. मायेने घरी नेलेले पिल्लू मात्र आईला कायमचे मुकते.

मांजाने कापलेल्या पंखाचे दुःखही मुलाने पाहावे. नुसती कातडी फाटली असेल तर ती शिवता येते. स्नायूबंध तुटला किंवा हाड उघडे पडून सुकले, तर तो पक्षी बहुधा पुन्हा उडत नाही. नायलॉनचा मांजा झाडावर वर्षानुवर्षे तसाच राहतो, त्यामुळे संक्रांत संपली तरी पक्षी येतच राहतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये अशा मांजावर देशभर बंदी घातली. तरी तो गल्लीच्या दुकानात मिळतो आणि आपलीच मुले तो आणतात. घरात चक्री कोणत्या दोऱ्याची आली आहे, हे आईबापांनी डोळ्यांनी पाहावे. पतंग साध्या सुती दोऱ्यानेही उडतो.

उद्या तुमच्या गच्चीवर असा पक्षी पडला तर काय कराल? मांजा ओढू नका. दोन्ही बाजूंनी कात्रीने कापा, जखमेत रुतलेला भाग तसाच राहू द्या. पक्ष्यावर जाड कापड टाकून त्याला भोके पाडलेल्या खोक्यात ठेवा आणि खोके अंधाऱ्या, शांत जागी ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जाते. दूध तर मुळीच नको. हळद, मलम, घरचे औषध काही लावू नका. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असा प्राणी घरी पाळता येत नाही, मग हेतू कितीही चांगला असो. माकड, वटवाघूळ, कोल्हा यांना तर उघड्या हाताने शिवूच नका.

आता त्या भगिनीला आमचे उत्तर. मुलाला जाऊ द्या, पण चार गोष्टी ठरवून. केंद्र वनखात्याच्या परवानगीने चालते का आणि तिथे डॉक्टर आहे का, हे वडिलांनी एकदा स्वतः जाऊन पाहावे. सस्तन प्राण्यांजवळ काम असेल तर रेबीजची लस आधीच टोचून घ्यावी, धनुर्वाताची राहिली असेल तर तीही. कामाचे कपडे आणि चपला वेगळ्या ठेवाव्यात. घरी येताच ते बाजूला काढून आंघोळ करावी, म्हणजे नमाजच्या कपड्यांच्या पाकीची चिंता उरत नाही. आणि परीक्षेच्या महिन्यात सुट्टी घ्यायची असेल तर तसे आधी कळवावे. न सांगता दांडी मारली, तर त्या दिवशी कोणता तरी पिंजरा घाणेरडा राहतो आणि कोणता तरी पक्षी उपाशी.

मुलीने असाच हट्ट धरला तर तिलाही हेच उत्तर द्यावे. सोबतीला बहीण किंवा मैत्रीण असावी, जाण्यायेण्याची वेळ ठरलेली असावी. तिला कोणी आडकाठी करू नये.

वडिलांच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे. या कामातून नोकरी मिळेल, असे सांगता येत नाही. पण जो मुलगा दर रविवारी वेळेवर उठतो, न बोलणाऱ्या जिवाची भूक वहीत नोंदवतो आणि बरा झालेला पक्षी सोडताना मागे उभा राहतो, तो उद्या घरातल्या आजारी माणसाची उशीही न सांगता बदलेल. तुमच्या घरचा अनुभव काय आहे, ते आम्हाला जरूर लिहून कळवा.